बोरीबंदरच्या म्हातारीचे मालक : एका वृत्तपत्राच्या ताब्याचे प्रकरण

२८ ऑगस्ट १९६९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. एल. नैन यांनी एक अंतरिम आदेश दिला. या आदेशाने ‘बेनेट, कोलमन आणि कंपनी’चे चालू संचालक मंडळ बरखास्त झाले आणि त्याच्या जागी सरकारनियुक्त सदस्यांचा भरणा असलेले नवे मंडळ बसवण्यात आले. ही कंपनी ‘बोरीबंदरची म्हातारी’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची मालक होती, आणि त्याखेरीज ‘इकॉनॉमिक टाइम्स’, ‘नवभारत टाइम्स’, ‘महाराष्ट्र टाइम्स’, ‘इलस्ट्रेटेड वीकली’, ‘धर्मयुग’, ‘फिल्मफेअर’ अशी मोठी प्रकाशने तिच्या छापखान्यांतून निघत होती. कंपनीचे प्रमुख साहू शांतिप्रसाद जैन यांचे संचालकपद गेले. नव्या मंडळाच्या अध्यक्षपदी न्यायालयाने दत्तात्रय काशिनाथ कुंटे यांना नेमले. ते जुन्या मुंबई राज्याच्या विधानसभेचे माजी अध्यक्ष आणि त्या वेळी लोकसभेतले विरोधी बाकांवरचे खासदार होते. उद्योगधंद्याचा त्यांना अनुभव नव्हता, आणि कुलाब्याच्या एका राजकारण्याकडे देशातले एक मोठे इंग्रजी वर्तमानपत्र सोपवले जाणे त्या काळीही अनेकांना चमत्कारिक वाटले.

या आदेशाकडे लोक सहसा ‘सरकारने टाइम्स ताब्यात घेतला’ एवढ्याच नजरेने पाहतात. ते पुरेसे अचूक नाही. सरकारच्या हाती गेले ते व्यवस्थापन. भाग, म्हणजे मालकीहक्क, होते तिथेच राहिले. सात वर्षांनी जे घडले त्याचा उलगडा या एका फरकातून होतो, आणि म्हणून या प्रकरणात मालकी आणि व्यवस्थापन हे दोन धागे अखेरपर्यंत वेगळे ठेवूनच पाहावे लागतात.

भागधारकांचे वर्तमानपत्र

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले. त्यानंतर सहा वर्षांनी, ३ नोव्हेंबर १८३८ रोजी, ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’चा पहिला अंक प्रसिद्ध झाला. तो आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी निघे. या उपक्रमाशी रावबहादूर नारायण दीनानाथ वेलकर यांचे नाव जोडले जाते. नावातला ‘कॉमर्स’ हा शब्द शोभेपुरता नव्हता. कोणते जहाज लागले, कोणता माल उतरला आणि विलायतेत कापसाचा भाव काय झाला, हे ज्यांना रोज कळणे भाग होते त्या मुंबईच्या व्यापाऱ्यांनी हे पत्र पोसले. १८५० पासून ते दैनिक झाले.

मालकीच्या दृष्टीने या आरंभकाळातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग १८५७ चा आहे. संपादक जॉर्ज ब्यूस्ट हे स्कॉटिश गृहस्थ विद्वान होते, भूगर्भशास्त्रात त्यांना गती होती, पण उठावाच्या बातम्या येऊ लागल्यावर त्यांच्या लेखणीने एतद्देशीयांविरुद्ध सूडाची भाषा सुरू केली. पत्राच्या भागधारकांत पारशी आणि हिंदू व्यापारी होते. फर्दुनजी नौरोजी यांनी संपादकीय धोरण बदलावे अशी मागणी केली. ब्यूस्ट यांनी संपादकाच्या स्वातंत्र्याचा दाखला देऊन ती धुडकावली. मग भागधारकांची सभा झाली, ब्यूस्ट गेले आणि रॉबर्ट नाइट आले.

आज हा प्रसंग वाचताना कोणाची बाजू घ्यावी असा पेच पडतो. मालकांनी संपादकाला धोरणापायी काढावे हे आपण एरवी वाईटच म्हणतो, पण इथे मालकांचा दबाव माणुसकीच्या बाजूने होता आणि संपादकाचे स्वातंत्र्य वंशद्वेषाची पाठराखण करत होते. माझ्या मते यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट कार्यपद्धतीची आहे. भाग अनेकांच्या हाती होते, प्रश्न सभेपुढे आला, त्यावर वाद झाला आणि निर्णय सर्वांसमक्ष घेतला गेला. या वर्तमानपत्राच्या इतिहासात असे पुन्हा फारसे घडले नाही.

नाइट यांनी १८६० मध्ये भारतीय भागधारकांचा हिस्सा विकत घेतला, ‘बॉम्बे स्टँडर्ड’ आपल्या पत्रात मिळवले आणि १८६१ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ हे नाव धारण केले. मुंबईचे पत्र अशा रीतीने नावापुरते तरी साऱ्या हिंदुस्थानचे झाले, आणि त्याच सुमारास भारतीयांची मालकी संपली. नाइट पुढे कलकत्त्यास गेले आणि १८७५ मध्ये त्यांनी ‘स्टेट्समन’ काढले. १८९२ मध्ये संपादक हेन्री कर्वेन वारल्यावर टॉमस ज्युएल बेनेट संपादक झाले आणि फ्रँक मॉरिस कोलमन यांच्याबरोबर त्यांनी पत्र विकत घेतले. कंपनीच्या नावातली जोडगोळी तेव्हापासूनची आहे, आणि मर्यादित कंपनी म्हणून तिची नोंदणी १९१३ ची आहे. कोलमन १९१५ च्या डिसेंबरात ‘पर्शिया’ हे जहाज बुडाले त्यात दगावले, तर बेनेट विलायतेस परतून पार्लमेंटचे सभासद झाले. दोघांचाही या मातीशी संबंध संपला, पण आडनावे मात्र कंपनीच्या पाटीवर राहिली. त्यानंतर मालक बदलले, तरी कोणालाही ती पाटी उतरवावीशी वाटली नाही.

मराठी वाचकाच्या मनात या काळातल्या ‘टाइम्स’ची प्रतिमा वेगळी आहे. १८९७ मध्ये ‘केसरी’तल्या मजकुराकडे सरकारचे लक्ष वेधणारे ‘जस्टिस’ या टोपणनावाचे पत्र याच वर्तमानपत्रात छापून आले होते, आणि टिळकांवरच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्याची हवा तिथून तापत गेली. गोऱ्या अधिकाऱ्यांचे आणि गोऱ्या व्यापाऱ्यांचे पत्र ही ओळख स्वातंत्र्य दृष्टिपथात येईपर्यंत टिकली. स्टॅन्ले रीड यांच्या कारकिर्दीत किंमत चार आण्यांवरून एक आण्यावर आली आणि खप वाढला, एवढी नोंद इथे करून ठेवतो, कारण किमतीचे हेच शस्त्र पुढे पुन्हा म्यानाबाहेर निघणार आहे.

दालमियांचे पैसे कोणाचे?

१९४६ मध्ये इंग्रज जाणार हे उघड झाले होते, तशा त्यांच्या कंपन्याही विक्रीस निघाल्या होत्या. बेनेट, कोलमन आणि कंपनी रामकृष्ण दालमिया यांनी सुमारे दोन कोटी रुपयांना विकत घेतली. दालमिया हे मारवाडी उद्योगपती. सट्ट्यात कमावलेले आणि सट्ट्यात गमावलेले, बिहारात दालमियानगर वसवून साखर, सिमेंट, कागद यांचे कारखाने उभारलेले. ‘भारत बँक’ आणि ‘भारत विमा कंपनी’ यांचेही ते प्रमुख होते. वर्तमानपत्राच्या खरेदीसाठी लागलेला पैसा या दोन संस्थांतून वळवला गेला, हा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप. बँकेतल्या ठेवी ठेवीदारांच्या आणि विम्याचे हप्ते विमेदारांचे. त्या पैशाने घेतलेल्या पत्राचा मालक कोण, हा प्रश्न नैतिकच राहिला. कायद्याच्या भाषेत तो कोणीच विचारला नाही.

हा व्यवहार लोकसभेत मांडला फिरोज गांधी यांनी, डिसेंबर १९५५ मध्ये. ते सत्ताधारी काँग्रेसचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. कोणत्या कंपनीतून कोणत्या कंपनीत, कोणत्या मध्यस्थामार्फत पैसा गेला याची साखळीच त्यांनी सभागृहात उलगडून दाखवली. पुढच्याच महिन्यात, १९ जानेवारी १९५६ रोजी, आयुर्विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. आयुर्विमा महामंडळ स्थापन होण्यामागे इतरही कारणे होती, परंतु या एका खासगी विमा कंपनीच्या कारभाराने त्या निर्णयाला नेमके निमित्त पुरवले यात शंका नाही. खिशात आयुर्विम्याची पॉलिसी बाळगणाऱ्या किती मराठी कुटुंबांना ठाऊक असेल की तिची वाट एका वर्तमानपत्राच्या दारावरून गेली आहे!

इथे एक गल्लत वारंवार होते, ती दूर केली पाहिजे. दालमियांना जी शिक्षा झाली ती वर्तमानपत्राच्या खरेदीबद्दल नव्हती. १९५४-५५ मध्ये शेअरच्या सट्ट्यात त्यांच्या दुसऱ्या एका कंपनीला खोट आली. ती भरून काढण्यासाठी भारत विमा कंपनीचे दोन कोटींहून अधिक रुपये वापरले गेले, असा तो फौजदारी खटला होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६२ मध्ये लागला आणि त्यांना दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. खरेदीचा प्रश्न चौकशी आयोगापुरताच राहिला.

तो आयोग ११ डिसेंबर १९५६ रोजी नेमला गेला. पहिले अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेंडोलकर होते. दालमिया-जैन मंडळींनी आयोगाच्या नेमणुकीलाच आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘रामकृष्ण दालमिया विरुद्ध न्यायमूर्ती तेंडोलकर’ हा १९५८ चा निकाल कायद्याचे विद्यार्थी राज्यघटनेच्या समानतेविषयीच्या १४ व्या अनुच्छेदासाठी आजही पाठ करतात. त्यातली वाजवी वर्गीकरणाची सूत्रे त्यांना घडाघडा म्हणता येतात, मात्र तो वाद कोणत्या उद्योगसमूहाच्या चौकशीवरून उद्भवला हे क्वचितच कोणाला आठवते. न्यायालयाने आयोगाची नेमणूक वैध ठरवली, अध्यक्षपद पुढे न्यायमूर्ती विवियन बोस यांच्याकडे आले आणि आयोग त्यांच्याच नावाने ओळखला गेला.

जावई आणि सासरे

दालमिया आणि जैन या दोन घराण्यांचा संबंध नात्याचा होता. शांतिप्रसाद जैन हे दालमियांचे जावई, रमा जैन ही त्यांची कन्या. १९४८ मध्ये दोघांनी कारभार वेगळा केला. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात विमा कंपनीची तूट भरून द्यायची वेळ आली तेव्हा सासऱ्यांकडे रोकड नव्हती आणि जावयांकडे होती. वर्तमानपत्र जैनांकडे आले ते याच सुमारास. सुटून आल्यावर दालमियांनी ते परत मिळवण्याची खटपट केली, पण जावयांनी दाद दिली नाही.

जैन कुटुंबाच्या या काळातल्या कामगिरीकडे एकाच रंगाच्या चष्म्यातून पाहणे अन्यायाचे होईल. १९६१ मध्ये ‘इकॉनॉमिक टाइम्स’ आणि १८ जून १९६२ रोजी ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाला. द्वा. भ. कर्णिक आणि नंतर गोविंद तळवलकर यांच्या संपादनाखाली मराठी वाचकाला जागतिक घडामोडींकडे पाहण्याची जी सवय लागली, तिचे भांडवल याच पेढीचे होते. शांतिप्रसाद आणि रमा जैन यांनी स्थापलेल्या भारतीय ज्ञानपीठाचा पुरस्कार १९७४ साठी वि. स. खांडेकरांना आणि पुढे कुसुमाग्रज, विंदा करंदीकर, भालचंद्र नेमाडे यांना मिळाला. ताग आणि सिमेंटच्या कारखान्यांचा नफा, चौकशीच्या फेऱ्यात आलेले व्यवहार आणि भारतीय भाषांतले सर्वांत मानाचे साहित्यिक पारितोषिक, हे सारे एकाच घरातले होते. वृत्तपत्रांना ‘ताग छापाची वृत्तपत्रे’ म्हणून हिणवण्याची रीत दिल्लीच्या राजकारणात याच काळात पडली.

बोस आयोगाचा अहवाल साठीच्या दशकाच्या आरंभी आला आणि त्यात दालमिया-जैन समूहाच्या कारभारावर कडक ताशेरे होते. शांतिप्रसाद जैन यांच्यावर वृत्तपत्रीय कागदाच्या काळ्या बाजाराचे आरोपही झाले. आरोपाचे मूळ कागदाच्या व्यवस्थेतच होते. वृत्तपत्रीय कागद मुख्यतः परदेशातून येई, परकीय चलन तुटपुंजे असल्याने आयातीवर नियंत्रण होते आणि प्रत्येक दैनिकाला खपाच्या प्रमाणात कोटा ठरवून मिळे. कोट्याचा कागद सरकारी दराने आणि खुल्या बाजारातला कागद त्याहून कितीतरी चढ्या दराने, अशी स्थिती असली की खप फुगवून दाखवावा, जादा कोटा उचलावा आणि शिल्लक कागद बाहेर विकावा, हा मोह कोणत्याही मालकाला पडे. तो एकट्या जैनांपुरता होता असे मानणे भाबडेपणाचे आहे. पण जैनांचे वैशिष्ट्य असे की त्यांच्याविरुद्ध आधीच एक आयोग बसलेला होता.

सरकारने १९६३ मध्ये कंपनी कायद्यात नवी कलमे घातली, त्यामुळे गैरकारभार करणाऱ्या संचालकांविरुद्ध केंद्र सरकारला स्वतः न्यायालयीन प्रक्रिया सुरू करता येऊ लागली. कंपनीचा कारभार सार्वजनिक हिताला आणि कंपनीच्याच हिताला बाधक आहे, हा सरकारच्या अर्जाचा गाभा होता. या लेखाच्या आरंभी सांगितलेला आदेश त्या अर्जावरचा. आरोप खरे आहेत असे तूर्त गृहीत धरून अंतरिम व्यवस्था करावी, अशी न्यायमूर्ती नैन यांची भूमिका होती. म्हणजे १९६९ चे मंडळ सिद्ध झालेल्या अपराधाच्या पायावर उभे नव्हते, ते गृहीतकावर उभे होते. गृहीतकाचे घर सात वर्षे टिकले, हे माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत अस्वस्थ करणारे तथ्य आहे.

सरकारनियुक्त मंडळ सरकारविरुद्ध

या सात वर्षांत एक विलक्षण गोष्ट घडली. १९७२-७३ च्या आयात धोरणात सरकारने वृत्तपत्रीय कागदावर नवे निर्बंध घातले. मोठ्या दैनिकांना सरासरी दहा पानांची मर्यादा घातली गेली. एका मालकीच्या निरनिराळ्या वृत्तपत्रांत कागदाचा कोटा आपापसांत फिरवता येणार नव्हता. आणि ज्यांच्याकडे दोन किंवा अधिक वृत्तपत्रे आहेत त्यांना मंजूर कोट्यातल्या कागदातूनही नवे वृत्तपत्र वा आवृत्ती काढता येणार नव्हती. कागदाचा तुटवडा हे सांगितलेले कारण होते, आणि ‘मक्तेदारी मोडणे’ हे न सांगितलेले पण सर्वांना दिसणारे. या धोरणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या मंडळींत पहिले नाव होते बेनेट, कोलमन आणि कंपनीचे. ज्या कंपनीचे संचालक मंडळ सरकारच्या अर्जावरून बसवले गेले होते, त्याच कंपनीच्या नावाने सरकारविरुद्धचा हा खटला ओळखला जातो.

या खटल्याला एक मराठी पूर्वज होता. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये अशी शिफारस केली की पानांच्या संख्येशी किंमत बांधून टाकावी, म्हणजे गडगंज मालक जास्त पाने कमी किमतीत देऊन लहान पत्रांचा गळा घोटणार नाहीत. त्यानुसार १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश आला. ज्या लहान पत्रांच्या संरक्षणासाठी हे केले म्हणायचे, त्यांच्यातलेच एक, पुण्याचे नानासाहेब परुळेकरांचे ‘सकाळ’, त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. किंमत वाढवली तर खप घटतो आणि पाने घटवली तर मजकूर घटतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलण्याचा हक्कच आखडतो, हा परुळेकरांचा युक्तिवाद न्यायालयाने १९६१ मध्ये मान्य केला आणि आदेश रद्द ठरवला.

बेनेट, कोलमन खटल्याचा निकाल ३० ऑक्टोबर १९७२ रोजी लागला तेव्हा बहुमताने हाच धागा पुढे नेला. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य मजकुरात असते तसे ते खपातही असते, आणि कागद वाटून देण्याचा अधिकार सरकारला असला तरी त्या कागदाची किती पाने करायची हे सरकारने ठरवायचे नाही, असे न्यायालयाने म्हटले. दहा पानांची मर्यादा आणि तिच्याबरोबरचे इतर निर्बंध रद्द झाले. आणखी एक मुद्दा मालकीच्या अंगाने मोलाचा होता. कंपनी ही नागरिक नसल्याने तिला अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क नाही, अशी सरकारची हरकत होती. कंपनी स्थापन केल्याने भागधारक आपले नागरिक म्हणून असलेले हक्क गमावत नाहीत, असे उत्तर न्यायालयाने दिले. १८५७ च्या सभेतल्या भागधारकांना हे वाक्य नक्कीच आवडले असते.

पाच न्यायमूर्तींपैकी एकटे के. के. मॅथ्यू वेगळे पडले. कागदाची वाटणी म्हणजे अभिव्यक्तीवर घाला नव्हे, आणि घटनेने दिलेले स्वातंत्र्य हे वृत्तपत्र चालवणाऱ्या मूठभरांइतकेच वाचणाऱ्या जनतेचेही आहे, असा त्यांच्या भिन्न मताचा रोख होता. बहुमताचा निकाल मला योग्य वाटतो, कारण पाने मोजण्याचा हक्क सरकारला दिला असता तर आणीबाणीत सेन्सॉरची गरजही उरली नसती. परंतु मॅथ्यू यांनी उचललेला प्रश्न निकालाने सुटला नाही. पुढे तेच दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९८२ च्या अहवालात वृत्तपत्रे इतर उद्योगधंद्यांपासून वेगळी करावीत अशी शिफारस त्या आयोगाने केली. ती शिफारस अंमलात आली नाही. सत्तरीच्या आरंभी मालकीचे विकेंद्रीकरण करण्याचा जो विचार केंद्र सरकारात चालला होता, त्याचीही तीच गत झाली.

म्हणजे सरकारपाशी या काळात तीन मार्ग होते. मालकी मोडून भाग अनेकांत वाटायचे, वृत्तपत्राचा एखादा विश्वस्त निधी करायचा, किंवा व्यवस्थापन हाती ठेवून मालकीचा प्रश्न लोंबकळत ठेवायचा. पहिल्या दोहोंची चर्चा झाली, तिसरा प्रत्यक्षात वापरला गेला. सरकारच्या दृष्टीने तो सर्वांत सोयीचाही होता, कारण ज्या मालकाचा हक्क कागदावर शाबूत आहे आणि ताबा मात्र सरकारच्या मर्जीवर आहे, तो मालक कधीच फार ताठ उभा राहत नाही.

१९७६

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. ‘टाइम्स’च्या मुंबई आवृत्तीत त्या दिवसांत एक छोटी निधनवार्ता छापून आली. ‘डी. ई. एम. ओ’क्रसी’ नावाचे गृहस्थ २६ जून रोजी वारले, त्यांच्यामागे पत्नी ‘टी. रूथ’ आणि मुलगा ‘एल. आय. बर्टी’ असा परिवार आहे, अशी ती जाहिरात होती; नावे जोडून वाचली की डेमॉक्रसी, ट्रूथ आणि लिबर्टी हे शब्द निघतात, आणि हे सेन्सॉरच्या नजरेतून निसटले. आज ती या वर्तमानपत्राच्या धैर्याचा पुरावा म्हणून सांगितली जाते, पण ती एका वाचकाने पैसे भरून दिलेली छोटी जाहिरात होती. संपादकीय पानांनी त्या काळात जी भूमिका घेतली, ती सरकारनियुक्त मंडळाच्या वर्तमानपत्राकडून अपेक्षित होती तशीच होती.

त्या आणीबाणीतच, १९७६ मध्ये, सरकारने कंपनी जैन कुटुंबाकडे परत केली. शांतिप्रसाद यांचे चिरंजीव अशोककुमार जैन प्रमुख झाले. ज्या काळात रामनाथ गोएंकांच्या ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या मंडळावर सरकार आपली माणसे बसवत होते, नेमक्या त्या काळात बोरीबंदरला आपली माणसे काढून मालकाला किल्ल्या देणे, या विसंगतीची कारणमीमांसा प्रत्येकाने आपापल्या राजकीय कलानुसार केली आहे. कायद्याच्या बाजूने पाहिले तर मात्र अवघड असे काही नाही. मालकी कधी गेलीच नव्हती, अंतरिम आदेशाचा आधार सरकारच्या अर्जातच होता, आणि अर्जदाराचा आग्रह संपला की व्यवस्थाही संपणार होती. शांतिप्रसाद जैन १९७७ मध्ये वारले.

परत आलेल्या घरात

त्यानंतरची कथा अनेकांनी सांगितलेली असल्याने तिच्यावर फार रेंगाळत नाही. ऐंशीच्या दशकात अशोककुमार यांचे चिरंजीव समीर जैन कारभारात आले, आणि वृत्तपत्र हे बाजारात विकायचे उत्पादन आहे हा विचार त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता अंमलात आणला. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ १९९३ मध्ये बंद झाले आणि हिंदीतली नामवंत नियतकालिकेही याच काळात एकेक करून मिटत गेली. १९९४ मध्ये दिल्लीत ‘टाइम्स’ची किंमत दीड रुपयावर आणून ‘निमंत्रण मूल्य’ म्हणून ती जाहीर केली गेली, आणि ‘हिंदुस्तान टाइम्स’च्या बालेकिल्ल्यात खप झपाट्याने वाढला. राजाध्यक्ष आयोगाने चाळीस वर्षांपूर्वी जी भीती व्यक्त केली होती, ती हीच. संपादकाचे पद मोठे की व्यवस्थापकाचे, हा वादही या दशकात मिटला. दिलीप पाडगावकरांनंतर ‘टाइम्स’च्या संपादकाचे नाव सर्वसामान्य वाचकाला सांगता येईनासे झाले, यातच काय ते आले.

२००३ मध्ये ‘मीडियानेट’ ही योजना आली. करमणुकीच्या पुरवण्यांत पैसे घेऊन मजकूर देण्याची ती उघड सोय होती. मुख्य अंकाला आम्ही हात लावत नाही, असा कंपनीचा बचाव होता. त्यापेक्षा दूरगामी होती २००५ ची खासगी करारांची योजना. एखाद्या कंपनीपाशी जाहिरातीसाठी रोकड नसेल तर तिने आपले भाग द्यावेत आणि वृत्तपत्राने जाहिरातीची जागा द्यावी, असा हा व्यवहार. ज्या कंपनीचे भाग आपल्या तिजोरीत आहेत तिच्याविषयी वाईट बातमी छापली तर आपल्याच गुंतवणुकीची किंमत घटणार, हे उघड होते. म्हणून शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने २००९ मध्ये प्रेस कौन्सिलकडे हा विषय नेला आणि असे हितसंबंध वाचकाला सांगणे बंधनकारक असावे असे म्हटले.

दालमिया-जैनांच्या काळी आक्षेप असा होता की उद्योग वृत्तपत्राचे मालक आहेत. खासगी करारांनंतर वृत्तपत्रच अनेक उद्योगांचे लहानमोठे मालक झाले. पहिल्या व्यवस्थेविरुद्ध दोन आयोग बसले आणि एक उच्च न्यायालय हलले. दुसरीविरुद्ध एक पत्र आणि एक मार्गदर्शक सूचना निघाली. कायद्याची सारी हत्यारे कारखानदाराने वर्तमानपत्र घेऊ नये यासाठी घडवलेली होती. वर्तमानपत्र कारखान्यांत भाग घेईल ही शक्यता १९५४ च्या वा १९८२ च्या आयोगाला सुचलीच नव्हती.

अशोककुमार जैन १९९९ मध्ये अमेरिकेत वारले. परकीय चलनाच्या कायद्याखाली त्यांची चौकशी अखेरपर्यंत चालू होती. त्यांच्या पत्नी इंदू जैन अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर २०२३ मध्ये दोघा भावांत वाटणी झाली. छापील वृत्तपत्रे थोरल्या समीर जैन यांच्याकडे आणि दूरचित्रवाणी, रेडिओ व करमणुकीचा व्यवसाय धाकट्या विनीत जैन यांच्याकडे गेला. बेनेट, कोलमन ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी नाही, त्यामुळे या वाटणीसाठी भागधारकांची जाहीर सभा भरण्याचा प्रश्नच आला नाही. लोकसभेत प्रश्न विचारला जाण्यासारखेही त्यात कोणाला काही दिसले नाही. वाचकांना ती बातमी कळली ती बहुतेक इतर वर्तमानपत्रांतून.